तीन-अकरा पुसलं, तीन-तेरा वाजले

मी पॅकेज मॅनेजर बोलतोय. ब्रह्मपुरीतल्या एका छोट्या संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम आहे. तुमच्यातल्या बहुतेकांना मी ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी माझं बोलणं कधी धड वाचलेलं नाही. तेव्हा माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझं काम साधं आहे. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे जोडतो. त्या तुकड्यांना पॅकेज म्हणतात. हा तुकडा प्रोग्रामिंगच्या भाषेच्या कोणत्या आवृत्तीत चालेल, ते त्याच्या कर्त्यानं तुकड्यावरच लिहायचं असतं. मी यादी वाचतो, कोणाचं कोणाशी जमतं ते पाहतो आणि जमणारे तुकडे आणून बसवतो. जमत नसेल तर लाल अक्षरांत नाही म्हणतो, कारणासकट. सोयरीक जुळवणारेसुद्धा इतकं खरं बोलत नाहीत.

या कर्त्यांचंही मला कौतुक नाही. कितीतरी जण बिनधास्त लिहितात, 'ही आवृत्ती किंवा पुढची कोणतीही.' पुढची अजून जन्माला यायची असते, आणि हे तिची हमी देऊन मोकळे! ती हमी मला खरी मानावी लागते. मग प्रोग्राम कोसळला की शिव्या मला.

मला इथं आणलं संघप्रियानं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. वैनगंगेच्या पलीकडे रानटी हत्तींचा कळप फिरायला लागला, तेव्हा तिनं या संस्थेसाठी गावांना सावध करणारा एक प्रोग्राम लिहिला. कळपाच्या मागावर राहणारा सुकलू आपल्या मोबाईलवर गावाचं नाव दाबायचा. मग त्या गावातल्या प्रत्येक फोनवर एक मेसेज जायचा आणि पाठोपाठ एक कॉल. कॉलमध्ये सुकलूचाच आवाज असायचा, गोंडीत: हत्ती आले, शेतातून निघा. तिकडं मेसेज फार कोणी वाचत नाही. सगळा भरवसा कॉलवर.

कॉल लावणारा तुकडा एका प्रामाणिक माणसानं लिहिला होता. पायथन या भाषेच्या ३.१३ या आवृत्तीतून आवाजाची एक जुनी सोय काढून टाकणार आहेत, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं स्पष्ट लिहिलं, '३.१३ च्या खालीच चालेल.' संघप्रियानं ते वाचलं. होय, वाचलं! माझ्या आयुष्यात असं करणारी ती एकटीच. यादीच्या डोक्यावर तिनं लिहून ठेवलं, 'पायथन ३.११. बदलू नये.'

दोन वर्षं सगळं नीट चाललं. मग संघप्रिया बाळंतपणासाठी भद्रावतीला माहेरी गेली. त्याच महिन्यात संस्थेत नवा कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर अतुल आला. नागपूरहून आलेला इंजिनीअर, गळ्यात हेडफोन, आणि नव्या वस्तूवर आंधळी माया. नव्या कॉम्प्युटरवर पायथन होतं ३.१३.

त्यानं मला यादी दिली. मी नाही म्हणालो. त्यानं डोक्यावरची ३.११ ची ओळ पुसली आणि पुन्हा दिली. मी पुन्हा नाही म्हणालो: आवाजाच्या तुकड्याला ३.१३ चालत नाही. त्यानं तेच पुन्हा केलं, जणू तिसऱ्यांदा विचारलं की मी लाजेनं हो म्हणेन. मग माझी लाल ओळ न वाचताच उचलून त्यानं इंटरनेटवर शोधली. कोणा अनोळखी माणसानं तिथं उपाय लिहून ठेवला होता. माझ्यात एक कळ आहे. ती दाबली की भाषेची अट मी बघायचीच नाही.

अतुलनं कळ दाबली. मी तुकडा बसवला.

प्रोग्राम सुरू झाला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'सेवा चालू'. अतुलनं स्वतःच्या फोनवर एक मेसेज पाठवून पाहिला. तो आला. कॉल लावून पाहिला नाही. "झालं ना," असं म्हणून तो चहाला गेला.

आवाजाची ती सोय लागायची फक्त कॉल लावताना. तोवर कोणाला काही कळणार नव्हतं. पुढचे दोन-तीन महिने कळप दूर रानातच राहिला.

धानाच्या कापणीचे दिवस होते. दुपार कलली तशी कळपानं अचानक वाट बदलली आणि सुकलूच्या बहिणीच्या गावाकडं मोर्चा वळवला. त्यानं लगेच गावाचं नाव दाबलं. बहीण, बुधरी, तेव्हा खळ्यावर धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं रचत होती. फोन कमरेला खोचलेला. त्यावर एकदा टिंग झालं. अशा टिंग दिवसातून वीस येतात. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

कॉल आलाच नाही. तुकडा उघडला, हवी ती सोय सापडली नाही, आणि प्रोग्रामनं ती चूक आपल्या नोंदीत निमूट लिहून ठेवली. पडद्यावर अजून हिरवंच होतं.

हत्ती पुंजण्याशी आला तेव्हा बुधरी पळाली, बांधावरून पडली. उजवा हात कोपरापाशी मोडला. तिच्या घराची मागची भिंत गेली. तेवढ्यात सुकलू मोटारसायकलवर ओरडत गावात शिरला, म्हणून बाकीची माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेत आला. बसला नाही.

"फोन काऊन नाई वाजला, साहेब?"

"सिस्टीम तर चालू आहे," अतुल म्हणाला. हिरवी अक्षरं त्यानं बोटानं दाखवली. "तुमच्याकडे जंगलात रेंज नसते. नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे."

"रेंज नव्हती तं तुमचा मेसेज कसा आला?" सुकलूनं बहिणीचा फोन टेबलावर ठेवला. "हा पाहा टाइम. मी दाबलं त्याच मिनिटाचा हाय. मले वाटलं, फोन गेला असंल. मी कळपामागंच थांबलो. आधीच गेलो असतो तं तिचा हात वाचला असता."

चौथी शिकलेल्या माणसानं एका वाक्यात चूक नेमकी पकडली होती. इंजिनीअर मात्र खिडकीबाहेरच्या टॉवरकडं बघत राहिला.

सुकलूनं संघप्रियाला फोन केला. दोन महिन्यांचं बाळ घेऊन ती एसटीनं आली. बाळ सुकलूच्या हातात दिलं आणि नोंद उघडली. आधी आवाजाची चूक दिसली, मग अतुलच्या आज्ञा, मग माझे तिन्ही नकार.

"हे वाचलं होतंस?"

"वॉर्निंग होती, मॅडम. वॉर्निंग तर येतच राहतात."

"वॉर्निंग नव्हती ती, अतुल. त्यानं नाही म्हटलं होतं. तीनदा."

सुकलूकडं न बघता अतुल म्हणाला, "माझी चूक आहे." हे त्यानं म्हटलं, एवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. यापेक्षा जास्त काही मला सुचत नाही.

संघप्रियानं नव्या पायथनला हात लावला नाही. शेजारी ३.११ आणलं, या प्रोग्रामपुरती वेगळी खोली करून दिली आणि यादी माझ्या हाती ठेवली. दोन मिनिटांत मी काम संपवलं. सुकलूचा फोन वाजला. त्यानं स्वतःचाच आवाज शेवटपर्यंत ऐकला, कॉल कापला नाही. बाळ त्याच्या खांद्यावर झोपलं होतं.

मी काही जुन्याचा पुजारी नाही. ३.११ सुद्धा एक दिवस म्हातारं होईल, त्याची डागडुजी थांबेल. संघप्रिया ते जाणते. घरी बसून ती आवाजाचा तुकडा बदलते आहे, म्हणजे भाषा पुढं नेता येईल. पुढं जायचं ते असं, खालचं बघून.

अतुल आता मोठ्या शहरात मोठ्या पगारावर आहे. तिथंही माझ्यासारखा कोणीतरी असेल, आणि त्याच्यातही ती कळ असेल.

प्लास्टर निघाल्यावर बुधरी एकदा इथं आली. हात अजून पुरता सरळ होत नव्हता. तिला ती लाल ओळ पाहायची होती. संघप्रियानं तिला ती सोप्या बोलीत वाचून दाखवली. बुधरीनं डाव्या हाताचं बोट पडद्यावरच्या त्या ओळीवर ठेवलं.

"म्हंजे यानं नाई म्हटलं," ती म्हणाली, "अन तरी याच्याच हातून करून घेतलं?"

"हो, बुधरीबाई."

"मंग मोठ्यानं काऊन नाई वरडला?"

इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना तुच्छ मानत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यावर उलटलं. ओरडता मला येत नाही, हे खरं. पण कळ दाबल्यावर तुकडा बसवला तो मीच. दोन मिनिटांत, बिनचूक, नेहमीच्या तत्परतेनं.

बुधरीला वाचता येत नाही. ज्यांना येतं त्यांना एवढंच मागणं आहे: मी नाही म्हटलं, तर पडद्यावरची खिडकी बंद करण्याआधी शेवटची ओळ वाचा. कारण तिथंच असतं. तुम्ही वाचणार नाही, हे मी जाणून आहे. तरीही लिहीत राहीन.