पेटीत बंद केलेला शब्द

आईला झटका आला जानेवारीत. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला आणि तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला. हालेलुया. पाणी हवं असलं तरी हालेलुया आणि नको असलं तरी हालेलुया. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, जिभेवर बसलेला एखादा शब्द टिकतो, बाकीचे सापडत नाहीत. "पण त्यांना समजतं सगळं," हेही म्हणाले. त्यांचं काय जातंय म्हणायला! चहात साखर कमी आहे की उशी टोचतेय की खिडकी लावायचीय, हे त्या एका शब्दातून ओळखायचं होतं मला. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वेलांटी चुकली तरी माझं डोकं फिरायचं. आणि आता घरात आम्ही दोघीच, आणि भाषा ही अशी.

त्यातून शब्द तरी कोणता! आमच्या चर्चच्या रविवारच्या शाब्बाथ शाळेत मी वीस वर्षं मुलांना हाच शब्द समजावून सांगतेय. हिब्रू शब्द आहे. 'हालेलू' म्हणजे स्तुती करा, 'याह' म्हणजे देवाचं नाव. सगळ्यांना हाक मारून सांगायचा शब्द, बस मिळाली, शिंक आली, फोन लागला म्हणून तोंडातून टाकायचा नव्हे. लोक ऐकतील तर शपथ. म्हणून मी एक पद्धत सुरू केली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लेंटचे, दुःखाचे. त्या दिवसांत उपासनेत हा शब्द म्हणायचा नसतो. लेंटच्या आदल्या रविवारी मुलं तो शब्द भरलेलं कापड पत्र्याच्या पेटीत ठेवतात, मी कुलूप लावते आणि ईस्टरच्या पहाटे पेटी उघडते. कापडावरचा लाल टाका आईचा. बारा वर्षांपूर्वी तिनंच भरून दिला होता.

आई, भामाबाई, गंगापूरकडच्या खेड्यांतून फिरणारी मिशनची प्रचारिका. तिला शिवी देता यायची नाही, म्हणून राग आला की ती दात आवळून हालेलुयाच म्हणायची. लहानपणी लोणच्याची बरणी माझ्या हातून पडली तेव्हा केवढ्यानं ओरडली होती. "हालेलुया! फोडलीस व्हय गं?" मी दिवसभर तिच्यासमोर गेले नव्हते.

यंदा पेटीच्या रविवारी मी तिला चर्चमध्ये नेलं. कापड आत गेलं, मी किल्ली फिरवणार, सगळे शांत, आणि आई जोरात म्हणाली, "हालेलुया!" मुलं खो खो हसली. मोठेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथंच ठरवलं. लेंटभर आई घरी. चाळीस दिवस मुलांना गप्प बसवायचं आणि माझ्याच आईनं मधेच ओरडायचं, हे मला झेपणारं नव्हतं.

मग दर रविवारी एकच तमाशा. सकाळी आठला आई डाव्या हातानं कपाटातली पांढरी साडी ओढून काढायची, ती मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "हालेलुया."

"काय हवंय? पाणी? संडासला जायचंय? नाही कळत मला, आई!"

"हालेलुया."

शेजारची विशाखा तासभर तिच्याजवळ बसायला यायची. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "काकू, आजींना चर्चला यायचंय. आमचं विहार अन् तुमचं चर्च येगळं, तरी मला कळतंय. तुम्हाला कसं नाय कळत?"

मी चप्पल पायात सरकवली आणि निघाले. कळत होतं मला. खोटं कशाला बोलू? सोमवार ते शनिवार मला तिचं काही कळायचं नाही म्हणून मी चिडायचे, आणि रविवारी सगळं कळायचं म्हणून जास्तच चिडायचे. असे सहा रविवार गेले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, विशाखा माहेरी पाचोडला गेली होती. आईला एकटं ठेवता येईना आणि तीन तासांची ती उपासना मला चुकवता येईना. नेलं तिला. पांढरी साडी नेसवताना बजावलं, "आज एक शब्द काढायचा नाही." शेवटच्या बाकावर, दाराशी बसले. तिनं तोंड उघडलं की बाहेर काढायचं, असा माझा बेत.

आई बसली, डाव्या हातानं पदर ओढला आणि त्याचा बोळा करून तोंडात घातला.

आधी मला वाटलं, तिला मळमळतंय. मी पिशवी पुढं केली. तिनं मान हलवली. समोर एकामागून एक सात जण येशूनं क्रुसावर उच्चारलेल्या सात वाक्यांवर बोलत होते, पंखे गरम हवा फिरवत होते, घाम तिच्या कानामागून ओघळत होता, पण पदर तिनं सोडला नाही. चौथ्या वाक्याच्या वेळी बाहेर निघालेल्या एका गृहस्थाचा बूट तिच्या चांगल्या पायावर पडला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गळ्यातून तो शब्द वर येताना मला दिसला. तिनं बोळा आणखी आत कोंबला आणि डोळे मिटले.

तेव्हा मला तो पेटीचा रविवार आठवला. मी किल्ली फिरवायच्या आत तिनं शब्द उच्चारला होता. कुलूप लागलं नव्हतं अजून. तिनं नियम मोडलाच नव्हता, उरलेली संधी साधली होती. पुढचे चाळीस दिवस चर्चमध्ये आपला एकुलता एक शब्द गिळून बसायची तिची तयारी होती. आणि मी तिला घरात डांबून ठेवलं. मला माझीच इतकी चीड आली की पुढची तीन प्रवचनं ऐकूच आली नाहीत.

तीनला उपासना संपली. फाटकाबाहेर मी तिला रिक्षात बसवलं. तिनं ओला पदर तोंडातून काढला, झटकला, माझ्याकडे नीट बघितलं आणि दात आवळून म्हणाली, "हालेलुया!"

बरणीचा होता तो. पन्नास वर्षांनीही मी ओळखला.

"चुकले मी, आई," मी म्हणाले.

"हालेलुया!" रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. तिला त्याचं काही नव्हतं. घर येईपर्यंत तिनं सहाही रविवारांचं मला ऐकवलं, आणि त्यातलं काहीच मला विचारून घ्यावं लागलं नाही.