जिथं आपलं कोणीच नाही

माझे सासरे हिंमतराव यांना अनोळखी माणूस ही गोष्टच मान्य नाही. हडपसरच्या बसथांब्यावर शेजारी कोणी येऊन उभं राहिलं, की पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा आडनाव कोणतं, आणि तिसऱ्या प्रश्नाला तो माणूस त्यांच्या चुलत साडूचा भाचा निघतो. वऱ्हाडातून पुण्यात येऊन त्यांना तीस वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. मी खडकीची. आमच्याकडे शेजाऱ्याचं नाव दाराच्या पाटीवर वाचतात आणि तेवढ्यावर भागवतात.

त्यामुळे दिवाळीनंतर गाडी काढून कुठंतरी स्वस्तात फिरून यायचं ठरलं, तेव्हा बाबांनी चहा संपायच्या आत बेत आखला. लोणारचं सरोवर, तिथून मेळघाट, चिखलदरा. जालन्याला त्यांचे साडू, मेहकरला मावसबहीण, अकोटला धाकटा भाऊ. "राहाचा खर्च शून्य," ते म्हणाले. माझा नवरा संतोष आयटीत आहे. त्यानं लगेच लॅपटॉपवर तक्ता केला, आणि मुक्कामाच्या रकान्यात ओळीनं शून्यं भरताना त्याचा चेहरा पगारवाढ मिळाल्यासारखा उजळला.

"मी नाही येत," सासूबाई म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या आणि मान वर न करता बोलल्या.

"काऊन? गुडघा दुखते का?" बाबांनी विचारलं.

"जालन्यात पोळ्या, मेहकरात पोळ्या, अकोटात पोळ्या. त्या मी इथंच लाटते. तेवढंच पेट्रोल वाचंल."

"अव, ते लोक तुले काम करू देतील काय? पाहुणी हायेस तू."

आई नुसत्या हसल्या. नातेवाइकांकडे गेलेली बाई किती वेळ पाहुणी असते, हे मी लग्नानंतर चांगलं पाहिलं आहे. 'तुम्ही बसा हो' असं म्हणत घरची बाई पोळपाट हळूच आपल्याकडे सरकवते. पुरुषमंडळी बाहेर खुर्च्या टाकून कापसाच्या भावावर बोलतात, आणि आपण कणकेच्या गोळ्यापाशी. नाही उठावं, तर 'पुण्याची हवा लागली' हे पुढच्या लग्नापर्यंत ऐकावं.

"आतापर्यंत आपण कोठं कोठं गेलो, ते आठवा," आई बाबांना म्हणाल्या. "लग्न, बारसं, तेरवी. जिथं जावं तिथं मी कोणाची वहिनी, नाहीतर कोणाची काकू. मले एकदा अशा जागी न्या जिथं आपलं कोणीच नाही. नाहीतर तुमी लोक जा. मी घरी निवांत झोपते."

आवाज चढवला असता तर आम्ही समजूत काढली असती. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या, आणि मेथीची जुडी संपवून दुसरी घेतली. मला बाबांचा राग आला, संतोषचा त्याहून जास्त, आणि आईंचा सगळ्यांत जास्त, की एवढं सांगायला त्यांनी इतकी वर्षं का लावली. मी संतोषच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला.

आपलं कोणी नाही असा तालुका शोधणं आमच्या घरात सोपं नाही. भोर म्हटलं, तर तिथं बाबांच्या कंपनीतले जुने सोबती. जुन्नरला व्याह्यांचे व्याही. वाईला एक डॉक्टर, ज्यांच्या बायकोचं माहेर अमरावतीला. बाबांना हे लपवता आलं असतं, पण माणूस विसरणं म्हणजे त्यांना पाप वाटतं. दर नावाला ते आईंकडे अपराध्यासारखं बघायचे आणि तरी सांगायचे.

"पाटण?" मी विचारलं.

बाबा बराच वेळ छताकडे बघत बसले. मग त्यांचा चेहरा पडला. "पाटणात नाही बा कोणी."

पाटण तालुक्याची त्यांना मनापासून दया आली असावी. आईंनी मात्र मेथीची परात बाजूला केली आणि गरम कपडे लागतील का, असं मला विचारलं.

कोयनेच्या खोऱ्यात एका लहानशा गावात तुळजाबाई नावाच्या बाई घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना देतात, जेवणासकट, आणि महाबळेश्वरच्या हॉटेलांच्या मानानं निम्म्याहून कमी दरात. मी फोनवर सगळं ठरवून टाकलं. संतोषच्या डोक्यातून शून्य अजून गेलं नव्हतं. "आईनं दशम्या करून घेतल्या, तर वाटेतल्या जेवणाचा खर्च वाचेल," तो म्हणाला. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. दशम्या त्यानंच लाटल्या. खंबाटकीचा घाट उतरल्यावर आम्ही त्या एका झाडाखाली बसून खाल्ल्या. चावायला जरा वेळ लागला, पण आईंनी तीन खाल्ल्या, आणि आकाराबद्दल कोणी काही बोललं नाही.

गाडी मी चालवत होते आणि आई पुढं बसल्या होत्या. पाटण सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे कापणी झालेली भाताची खाचरं आणि वर जांभळट डोंगर. आई दर वळणाला काच खाली करायच्या. बाबा मागं बसून दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं वाचत होते, पण मनातल्या मनात.

तुळजाबाईंच्या घरी पोहोचलो आणि आई सवयीनं पिशवी खांद्याला तशीच ठेवून सरळ चुलीकडे निघाल्या. तुळजाबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"कुठं निघालासा? पैसं दिल्यात न्हवं? मग बसा की निवांत."

आई बाहेरच्या ओट्यावर बसल्या. आधी अगदी कडेला, मग हळूहळू भिंतीला टेकून. संध्याकाळपर्यंत त्यांनी काहीही केलं नाही. बाबांनी एकदा विचारलं, "कंटाळा आला का व?" त्या म्हणाल्या, "आला की सांगते."

रात्रीच्या जेवणाला आम्ही चौघं ओळीनं पाटावर बसलो. नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ, खर्डा. वाढता वाढता तुळजाबाईंनी विचारलंच, "मूळ गाव कंचं म्हणायचं तुमचं? बोलनं तिकडचं वाटतंय. माझी सख्खी पुतणी दिलीया तिकडं, खामगावला. जावई बँकेत हाय, आडनाव अवचार."

बाबांचा घास हातातच राहिला. खामगावच्या अवचारांची तीन पिढ्यांची माहिती त्यांना तोंडपाठ आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अजून एक वाक्य, आणि तुळजाबाई विहीणबाई झाल्या असत्या. मग पैसे परत, आहेर, आग्रह, आणि सकाळी आमच्या आई चुलीपुढं. संतोष ताटाकडे बघू लागला. आई बाबांकडे बघत होत्या. डोळ्यांनीसुद्धा काही मागत नव्हत्या.

बाबांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला.

"आमी पुण्याचे," ते म्हणाले. "हडपसरचे."

"तिकडं कुणी न्हाई व्हय तुमचं?"

"नाही," बाबा म्हणाले. "कोणीच नाही."

तीस वर्षांत त्यांनी आईंना साड्या घेतल्या, दागिने केले, त्यांच्या नावावर फ्लॅट घेतला. यातलं काहीच त्यांना इतकं जड गेलं नसेल. मला त्या क्षणी माझ्या सासऱ्यांचा फार अभिमान वाटला.

आईंनी आपलं ताट थोडं पुढं सरकवलं. घरात त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवतात, उरलेलं आणि गार झालेलं.

"एक भाकर अजून वाढा," त्या तुळजाबाईंना म्हणाल्या. "तव्यावरची असंल तर."

तुळजाबाई आत गेल्या. भाकरी येईपर्यंत आई मांडी घालून, हात ताटात ठेवून, ऐटीत वाट बघत बसून राहिल्या.