झाकणातली आठवी सोंगटी

वाकून नमस्कार करणाऱ्यावर तुम्ही भरवसा ठेवता का? ठेवा, पण त्याचे डोळे मिटलेत का तेवढं बघा.

मी एक झाकण बोलतोय, तुतीच्या लाकडाचं, जपानातल्या कानाझावात घडलेलं. 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांची वाटी झाकायची आणि खेळ सुरू झाला की उताणं पडून समोरच्याच्या मारलेल्या सोंगट्या पोटात सांभाळायच्या, हे माझं काम. मोजणीत सोंगटीमागे एक गुण.

माझे मालक तोकुजीसान छत्र्या बनवायचे. गावातल्या गो मंडळाचे गुरुजी कुसाका सेन्से यांच्याशी त्यांची पैज लागली: हरेल त्यानं मंडळाची पायरी चढायची नाही. डाव संपला. मालक डोळे मिटून वाकले, आणि सेन्सेंच्या दोन बोटांनी माझ्या पोटातली एक सोंगटी बाहीत सारली. होत्या आठ, मोजल्या सात. मागून चाल करणाऱ्या पांढऱ्याला भरपाई म्हणून वर साडेसहा गुण मिळतात, त्यामुळे बरोबरी नाहीच. मालक अर्ध्या गुणानं हरले.

नऊ वर्षं ते शेवटच्या चाळीस चाली मांडत बसले. कोपरा आधी घेतला असता तर? इथं माघार घेतली असती तर? गेलेला गुण सापडेना. सापडणार कसा? दरवेळी माझ्यात मोजून सात टाकूनच सुरुवात. मी आतून जळायचो, पण झाकणाला कोण विचारतं?

एकदा चहा ओतताना मालकांच्या बायको इनेबाई म्हणाल्या, "अहो, चूक शेवटातच आहे हे कुणी ठरवलं? पहिल्यापासून मांडा की."

मांडला. आठवी माझ्यात पडली. मालक माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. ते हसू चांगलं नव्हतं. मला फार आवडलं.

सेन्सेंनी त्या डावाच्या चाली आणि मोजणी लिहिलेला कागद चौकटीत घालून मंडळात टांगला होता. मंडळाच्या वर्धापनदिनी मालक मला घेऊन उंबरठ्याबाहेर बसले.

"अजून पोटात दुखतंय वाटतं, छत्रीवाले?" सेन्से म्हणाले.

"दुखतंय खरं. तुमचा तो डाव तुमच्याच हातानं मांडून दाखवा. झाकण तेवढं माझं घ्या."

सेन्से फुशारले. भिंतीवरच्या कागदाकडे बघत एकेक चाल मांडत गेले. आठवी पडली तेव्हा सगळी खोली माझ्यात डोकावत होती.

"मोजा, सेन्से," मालक बाहेरून म्हणाले.

सेन्सेंचा हात बाहीशी गेला आणि तिथंच अडकला. मग उंबरठ्याशी येऊन ते खाली वाकले. मालकही वाकले, या वेळी डोळे उघडे ठेवून. त्या दिवशी मालक आत आले आणि सेन्से पायरी उतरले, ते कायमचे.

आता मला चीर गेलीय. त्या चौकटीच्या खिळ्यावर मीच टांगलेला असतो. तुमचा डाव संपला की एकदा वर बघा, आणि मोजणी चोख ठेवा. समोरच्याच्या सोंगट्यांचीसुद्धा.