टिटिकाकाचं तळं

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, पण कागदाचा नव्हे, कणकेचा! हसू नका. आजवर पुष्कळ हसून घेतलंय लोकांनी मला.

अमेरिकेत बेलव्ह्यू गावातल्या एका स्वयंपाकघरात, १९८२ साली माझा जन्म झाला. पाचवीतल्या सुलेखाच्या वाट्याला शाळेत बोलिव्हिया देश आला होता. त्याचा उठावाचा नकाशा करायचा आणि वर्गापुढे माहिती सांगायची. तिची आई मृणालिनी परातीत पीठ आणि मीठ घेऊन बसली. पोळ्यांच्या सवयीनं हात गेलाच आणि चमचाभर तेल पडलं. झालं! मी धड वाळलोच नाही. पुठ्ठ्यावर डाग उतरला आणि अंगाला तेलकट वास राहिला.

तरी माझा तोरा होता हो! पश्चिमेला अँडीजचे उंच डोंगर, तिथंच पांढऱ्या मिठाचं मैदान, पूर्वेला पालकाच्या रसानं रंगवलेलं जंगल. राजधान्या म्हणाल तर दोन. समुद्र मात्र नाही. तो शेजाऱ्याशी झालेल्या लढाईत गेला.

"पण अजून त्यांची नेव्ही आहे," सुलेखा म्हणाली, "लेकवर."

"अगंबाई, बिचारे!" मृणालिनी मालवणची, समुद्राकाठी वाढलेली. तिनं अंगठा दाबून डोंगरात ते तळं केलं. त्याचं नाव ऐकून मात्र ती खुदकन हसली. "टिटिकाका? हे कुठले गं नवे काका?" मग घरात आठवडाभर टिटिकाकांचीच थट्टा चालली.

मला उचलून वर्गात आणलं ते मृणालिनीनंच. सुलेखानं तळ्याचं नाव घेतलं आणि पोरं फिदीफिदी हसली. त्यांना त्यात घाणेरडा शब्द ऐकू आला होता; त्यांच्या बोलीत 'काका' म्हणजे शी. मागे उभ्या मृणालिनीला वाटलं, आपल्यासारखीच यांनाही मजा वाटली. ती कौतुकानं म्हणाली, "इन अवर लँग्वेज, काका मीन्स अंकल!" पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. कुणी मला हुंगून नाक धरलं.

बाईंनी विचारलं, "सुलेखा, ही तुझी आई का?"

"नो," लालबुंद झालेली सुलेखा पुटपुटली, "शी इज अवर नेबर."

मृणालिनीनं मान खाली घातली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं आपल्या तेलकट अंगामुळेच घडलं, असं मला वाटत राहिलं.

मग मी गराजमध्ये पडून राहिलो. सुलेखा कॉलेजला निघाली तेव्हा आवराआवरीत मृणालिनीनं मला कचऱ्याच्या पिशवीत घातलं.

"आई, थांब!" सुलेखानं मला बाहेर काढलं, धूळ पुसली आणि तळ्यात आपला अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. "त्या दिवशी मी नेबर म्हटलं. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं की."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? घरी येताना मुसळधार पाऊस होता म्हणून बरं. गाडीत तू सारखी बाहेरच बघत होतीस, माझे डोळे दिसले नाहीत तुला."

सुलेखाला रडू फुटलं. "तेव्हा मला तुझी लाज वाटली, आई. आता माझी वाटते."

मृणालिनीनं डोळे टिपले. "अगं, नीट धर त्याला. डोंगर पडतील."

आता मी सुलेखाच्या हॉस्टेलच्या खोलीत असतो. परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "हा खड्डा कसला?" सुलेखा म्हणाली, "माझ्या आईचा अंगठा आहे तो."

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल, मी कणकेचाच. पण कुणी मळलं, असं चारचौघांत कुणी विचारलं, तर तेवढं नाव गिळू नका.