बंद पडून चालणारं इंजिन

मी इंजिन बोलतोय. आजवर माझ्याबद्दल दुसरेच बोलत आले. पानठेल्यावर बोलले, वकिलांच्या बाररूममध्ये बोलले, लग्नाच्या पंगतीत तर वाढपी थांबवून बोलले. माझं मत कोणी विचारलं नाही. तेव्हा आता जरा माझंही ऐका.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. सिलिंडर तीनच, पण जोडीला एक विजेची मोटार आणि मागच्या सीटखाली बॅटरी. आमच्या या जोडीला लोक हायब्रीड म्हणतात. गाडी हळू चालली की मोटार ओढते आणि मी निवांत झोपतो. चढ आला, वेग हवा असला की मी उठतो. ब्रेक दाबला की चाकांचा जोर वाया जात नाही, त्याची वीज होऊन बॅटरीत परत जाते. पेट्रोल वाचवायची माझी विद्या काय ती एवढीच.

अमरावतीचे वकील चिंतामणराव आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी मला घरी आणलं. पहिल्याच दिवशी राजकमल चौकात सिग्नलला मी आपला झोपलो, तर वकीलसाहेबांना घाम फुटला.

"रमा, बंद पडली ना गाडी! नवीकोरी गाडी!"

"अहो, आपोआप बंद होते म्हणून सांगितलं होतं ना शोरूमवाल्यानं? चला आता, मागचे हॉर्न वाजवून राहिले!"

त्यांनी भीतभीत पाय दाबला. मी झोपलेलाच होतो आणि गाडी चालू लागली होती. वकीलसाहेब असे हसले, की जणू मोठा खटला जिंकले.

आठवड्यातून दोनदा ते अकोल्याच्या कोर्टात जात. रमाबाईंची बहीण अकोल्यालाच, म्हणून त्याही निघत. मागच्या सीटवर बसून मूर्तिजापूर येईपर्यंत त्या देवाच्या शंभरेक वाती वळत. मी लिटरमागे चोवीस किलोमीटर देत होतो, आणि वकीलसाहेब तो आकडा अशिलांनाही ऐकवत होते.

तो आकडा सहन होत नव्हता तो शेजारच्या वामनरावांना. निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांची अठरा वर्षांची डिझेल गाडी त्यांना लेकीसारखी.

"एका घोड्यावर दोन नवरदेव कावून बसवले, वकीलसाहेब?" ते विचारत. "इंजिन वेगळं, मोटार वेगळी. जास्त सामान, जास्त बिघाड. अन् मेळघाटच्या घाटात बॅटरी काय धक्का माराले उतरते?"

"मास्तर, ब्रेक लावला की तुमची ताकद धूर होऊन जाते. मायी परत बॅटरीत येते. शिकवलं असंल ना तुमी पोराईले, ऊर्जा नष्ट होत नाही म्हणून?"

"शिकवलं. पण फुकट मिळते असं नाही शिकवलं!"

असा वाद रोज फाटकाशी रंगे. खरं सांगू? मला तो आवडायचा. वामनराव विरोधक होते, पण अडाणी विरोधक नव्हते.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र माझे दिवस फिरले. चोवीसचे वीस झाले, विसाचे सोळा. मला झोपच मिळेना. सिग्नलला उभा असलो तरी मी धडधडतच असे. काहीतरी बॅटरीला गुदमरवत होतं. ती थकून मागे सरे आणि सगळा भार माझ्यावर पडे. हे मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. सर्व्हिसवाल्यांनी वरवर पाहिलं आणि म्हणाले, "एसी कमी लावा, पाय हलका ठेवा." वामनराव वाद सोडून नुसते हसले. ते हसू वकीलसाहेबांना जास्त लागलं.

"विकून टाकतो," ते रमाबाईंना म्हणाले. माझ्या आत तेल गरम होतं, तरी मी गार पडलो.

विकण्याआधी एकदा दाखवावं म्हणून ते रमाबाईंना सोबत घेऊन मला बडनेरा रोडवर कुर्बान मिस्त्रींकडे घेऊन गेले. कुर्बानभाई चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारे जुने मिस्त्री, बॉनेटवर हात ठेवून दुखणं सांगणारे. पण नव्या गाड्या त्यांच्याकडे येत नव्हत्या. महिनाअखेर शेड टायरवाल्याला द्यायची, असं त्यांचं ठरलं होतं. त्यांची मुलगी नाजिया ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून, पुण्यात दोन वर्षं हायब्रीड गाड्यांवर काम करून परत आली होती. "फक्त एक नवी गाडी येऊ द्या, अब्बू," एवढंच ती रोज म्हणे. ती गाडी मी होतो.

कुर्बानभाईंनी बॉनेट उघडलं, नारंगी वायर पाहिल्या आणि दोन पावलं मागे सरले. "वकीलसाहेब, हे आपलं काम नाई. यात शॉक हाय. नाजिया, बेटा, दूर हो."

"अब्बू, नारंगी वायरले मी हातबी नाही लावत. आधी पाहू तर द्या."

तिनं स्कॅनर जोडला. पडद्यावरचे आकडे वाचले. मग बॉनेट बंदच करून टाकलं आणि मागचं दार उघडलं.

"अवं, इंजिन पुढे हाय," कुर्बानभाई म्हणाले.

"दुखणं मागं हाय, अब्बू. बॅटरी तापून राहिली."

मागच्या सीटला वकीलसाहेबांनी हौसेनं जाड कव्हर चढवलं होतं. नाजियानं ते सोडवलं. खाली एक जाळी होती, बॅटरीला थंड हवा पोचवणारी. तिनं जाळी काढून उन्हात धरली. जाळी दिसतच नव्हती. धूळ होती, आणि धुळीवर पांढरा, मऊ थर.

नाजियानं बोटावर तो घेतला. "हा तर कापूस हाय! वकीलसाहेब, गाडीत कापूस नेता का तुमी?"

वकीलसाहेबांनी हळूच रमाबाईंकडे पाहिलं. रमाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "अगंबाई! माझ्या वाती!"

कुर्बानभाई असे हसले की शेजारचा वेल्डिंगवाला पाहायला आला. जाळी धुतली, पंखा पुसला, कव्हर शेडमध्येच राहिलं. नाजियानं मला सुरू केलं. बॅटरीनं ऊर भरून श्वास घेतला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मी झोपलो.

"बंद पडली का?" कुर्बानभाई दचकले.

"नाही अब्बू. बरी झाली."

पण वामनरावांना एवढ्यानं पटणार नव्हतं; बातमी ऐकून ते शेडवरच येऊन थडकले. "सपाटीवर कोणीबी पयते. मेळघाट चढून धारणी करून दाखवा. दोन्ही गाड्या, एकच पंप, टाकी फुल. परत येऊन पुन्हा फुल. किती गेलं ते मशीन सांगंल." आणि कुर्बानभाईंकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, हरलो तर मायी गाडीबी तुमच्या पोरीच्याच हाती देतो."

कुर्बानभाईंनी मान हलवली. "अन् ही हरली, तर शेड टायरवाल्याची. मी मंग काही आयकणार नाई, बेटा."

"मंजूर," नाजिया म्हणाली. तिचा हात माझ्या स्टिअरिंगवर होता. लगेच उतरून तिनं माझ्या चाकांतली हवा मोजली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मला नाजिया चालवत होती, शेजारी वकीलसाहेब. डिझेलमध्ये वामनराव आणि पंच म्हणून कुर्बानभाई. परतवाड्यापर्यंत सरळ रस्त्यावर डिझेल माझ्या बरोबरीनं धावलं. खोटं कशाला बोलू, सरळ रस्त्यावर ते जुनं खोड माझ्याहून फार कमी नव्हतं.

मग घाट लागला. चढावर मी जीव तोडून ओरडू लागलो. वकीलसाहेबांनी दारावरचा दांडा धरला. "नाजिया, इंजिन चाललं वाटते कामातून!"

"ओरडू द्या त्याले. चढाचं काम हाय ते. उतारावर पाहा मजा."

आणि उतार आला. नाजियानं ब्रेक असा दाबला, की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर हात ठेवतेय. मी झोपलो. बॅटरी भरू लागली. वळणावळणाला ती पोरगी घाट उलटा पीत होती. सेमाडोहच्या पुढे एका वळणावर रानगवा रस्त्यात उभा होता. आम्ही वीस पावलांवर जाऊन थांबलो तरी त्याला पत्ता नाही. मागून डिझेल खडखडत आलं तेव्हा त्यानं मान उचलली आणि सावकाश सागवानात शिरला. वकीलसाहेब श्वास रोखून पाहत राहिले. म्हणाले, "बत्तीस वर्षं जाऊन राहिलो या रस्त्यानं. गवा आज पाहिला."

धारणीत आमच्याभोवती जीपवाले जमले. रोज माणसं भरून हाच घाट चढणारे ते; नाजियानं पाय कसा ठेवला, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. तिनं डिझेलवाल्यांच्याही कामाचं सांगितलं: चाकात हवा पुरेशी, उतारावर गिअर सोडायचा नाही, वळणाच्या आधीच पाय हलका.

ऊन कलताना आम्ही अमरावतीच्या पंपावर परतलो. दोनशे ऐंशी किलोमीटर झाले होते. आधी डिझेल भरलं. साडेसोळा लिटर. मग माझी टाकी. आकडे पळू लागले. आठ, नऊ, दहा, अकरा... आणि नळी खट्टकन थांबली. साडेअकरा.

वामनरावांनी चष्मा काढून मशीन पुन्हा वाचलं. वही काढली, भागाकार केला. पुन्हा केला. मग खणखणीत आवाजात, वर्गात सांगावं तसं म्हणाले, "माझी सतरा. हिची चोवीस पूर्णांक तीन. घाटात! पोरी, मी हरलो. अन् मले लय आनंद झाला."

वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, पंपावरच्या माणसांनीही. कुर्बानभाईंनी मात्र खिशातून शेडची किल्ली काढली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली. नाजिया तिथेच, माझ्या बॉनेटला टेकून, रडली. माझी उष्णता तिच्या पाठीला लागत होती. माझ्यापाशी द्यायला तेवढंच होतं.

आता माझे एक लाख किलोमीटर झाले. शेड तिथेच आहे, आणि अकोल्याहूनही गाड्या येतात. वामनरावांचं डिझेल नाजियाच्या हातचं तेल पिऊन अजून ठणठणीत आहे. फाटकावरचा वाद चालूच आहे; आता तो पूर्ण विजेच्या गाड्यांवर आलाय, आणि त्या बाबतीत वकीलसाहेब नि मास्तर दोघंही विरोधकांच्या पक्षात, आणि समोर एकटी नाजिया. उद्या माझ्याहून शहाणं काही येईल. येऊ द्या. माझं मागणं एवढंच, त्यालाही आधी मोजा, मग नावं ठेवा.

आज धारणीच्या जीपवाल्यांनी नाजियाला शिकवायला बोलावलंय. वकीलसाहेबांनी त्यासाठी मला दिलं आहे. कुर्बानभाई शेजारच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसलेत आणि पट्टा लावताना विचारताहेत, "मॅडम, निघायचं का?"

निघालो. वाट सोडा.