उशिराचं अंडं

“आत्या, अकराला ट्रे रिकामा हवा. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस!” उबवणी केंद्राचा सुपरवायझर दारातूनच ओरडला आणि पुढे गेला. त्याच्या माघारी सगळे त्याला ‘घड्याळ’ म्हणत.

आत्याने मान हलवली. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. यंत्रातून ट्रे ओढायचा, बाहेर आलेली पिल्लं खोक्यात, न फुटलेली अंडी कचऱ्याच्या डब्यात. पण आज एक अंडं उचललं आणि आतून टकटक ऐकू आली. बारीक, चिकाटीची. कवचाला मोहरीएवढं भोक पडलं होतं.

“अगं, हे येतंय की!”

शेजारच्या टेबलावरची जाडी हसली. “येऊ दे. पण आधी घड्याळाला सांग, जरा बंद पड म्हणावं.”

आत्या खरंच गेली सांगायला. “साहेब, अर्धा दिवस द्या याला.”

“पिल्लांची गाडी अकराला सुटते, आत्या. मागे राहिलेलं कोण सांभाळणार? यंत्र धुवायचंय, नवी अंडी लावायचीत. मला काय हौस आहे का?”

त्याचंही खोटं नव्हतं. आणि यंत्रांवर तिचा रागही नव्हता. तिचा नातू सातव्या महिन्यात झाला, ओंजळीत मावेल एवढा. काचेच्या पेटीनेच त्याला जगवलं. फक्त तिथे कुणी म्हणालं नव्हतं, अकरा वाजले.

कोंबडी बाहेरून कधी चोच मारत नाही, पिल्लाने आपलं आपण यायचं असतं, असं तिची आई सांगायची. आत्याला ते पाठ होतं. पण अकराला दहा मिनिटं उरली होती. तिने नखाने कवचाचा एक कपचा काढला. मग दुसरा. आतला पातळ पापुद्रा ओढला, तशी त्यावर लाल रेघ उमटली. शीर अजून सुकली नव्हती. तिने अंगठा दाबून धरला. रक्त थांबेना. पिल्लू तळहातावर दोनदा थरथरलं आणि मग तसंच राहिलं, ओलं, अजून ऊन.

“आत्या, झालं का?”

“झालं.”

घरी आल्यावर तिने हात दोनदा धुतले. अंगठ्याचं नख कापलं. नातू पाळण्यात मुठी आवळून झोपला होता.

“आई, दुधाची वेळ झाली,” सून घड्याळाकडे बघत म्हणाली. “उठवता का त्याला?”

आत्या पाळण्याशी बसली. हात मांडीतच धरून.

“झोपू दे गं,” ती म्हणाली. “उठेल तो. आपला आपण उठेल.”