खरपुडीची सोयरीक

खैरनार सरांना संशय आला तो आधी स्वतःवर.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेला जनुक-तपासणीचा फोटो त्यांनी नाशिक रोडच्या घरी खिडकीशी धरला. वरच्या रांगेत रस्त्याकडेचा तेरडा होता, इगतपुरीपासून वणीपर्यंत कुठेही माजणारा. त्याच्या रोपांच्या जनुकांच्या रेघा जत्रेतल्या चेहऱ्यांसारख्या, एकीचा मेळ दुसरीशी नाही. खाली खरपुडीचे वेल होते. सरांच्या माहितीत पेठकडच्या एका कड्यावर तेवढे उरलेले. त्या सगळ्यांच्या रेघा तंतोतंत एक.

'आपणच एका वेलाची पानं सगळ्या पिशव्यांत भरली असणार,' सर पुटपुटले. उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेला, तरी स्वतःवर भरवसा नव्हता. पुन्हा पानं आणायला ते कड्यावर गेले.

खरपुडीला कंदिलासारखी सुरेख फुलं येत, शेंग मात्र या कड्यावर कुणी पाहिली नव्हती. शेंग नाही तर बी नाही. कडा ढासळला की वेल संपला. सरांना घोर होता तो हाच.

कड्याखालच्या पाड्यावरची नवसाबाई तिथे खरपुडीचे कंद उकरत बसली होती.

"बाई, खाऊन संपवाल हो," सर चाचरत म्हणाले.

"संपंल कसा, मास्तर? बूड खायचं, डोकं परत मातीत लावायचं. सासूनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं."

सर खडकावर टेकलेच. म्हणजे पिशव्या बरोबर होत्या. कडाभर पसरलेले हे वेल एकमेकांचे नुसते नातलग नव्हते. एकच कंद खाचेखाचेत जगत आला होता, कुणास ठाऊक कितव्या सासूपासून. घाटात रेल्वे यायच्या आधीपासूनही असेल. त्यांनी पानाला बोट लावलं आणि दबकून मागे घेतलं.

"हा सगळा एकच जीव आहे, बाई. याचा पराग यालाच चालत नाही. म्हणून शेंग धरत नाही."

"मंग सोयरीक बाहेरून आणा की. माझ्या माहेरच्या डोंगरावं हाय खरपुडी."

"पण आपण असं जमवावं का? काही चुकलं तर?"

"तुमचं लगीन कुणी जमवलं व्हतं?"

"आईनं."

"तरीच झालं."

घरी जाऊन सरांनी पुस्तकं चाळली, तज्ज्ञांना विचारलं, दोनदा बेत मोडला. पुढच्या श्रावणात मात्र नवसाबाईच्या माहेरचं फूल ओल्या फडक्यात गुंडाळून ते कड्यावर चढले. नवसाबाईनं कड्यावरच्या वेलाचं फूल धरलं आणि त्यांनी सुईच्या टोकानं पाहुण्या फुलाचा पराग आत ठेवला.

पुढे त्या देठावर शिंगांसारखी जोडशेंग धरली. वाळून ती तडकली तेव्हा दोघं तिथेच होते. रेशमी शेपट्यांच्या बिया एकेक करून वाऱ्यावर निघाल्या. या कड्यावर असं कुणी आजवर जन्मलं नव्हतं. नवसाबाईनं डोक्यावर पदर घेतला.